निबंधातला ‘मी’ कसा वाचाल?

मराठीचे पदव्युत्तर विद्यार्थी, सेट-नेटची तयारी करणारे उमेदवार, वाचनकट्ट्यावर बोलण्याची जबाबदारी अंगावर पडलेले शिक्षक या सगळ्यांची एक अडचण सारखीच असते. प्रश्न येतो : ‘निबंधकार स्वतःची ओळख आणि आधुनिक जीवन यांचा शोध भाषेतून कसा घेतो, ते स्पष्ट करा.’ उत्तरात आधी निबंधाचा सारांश येतो, मग लेखकाचे चरित्र, आणि शेवटी ‘भाषा ओघवती, चित्रमय व अलंकारिक आहे’ हे ठरलेले वाक्य. गुण जातात आणि का गेले ते कळत नाही.

जातात ते ‘कसा’ला उत्तर नसल्यामुळे. चांगला निबंधकार ‘मी असा आहे’ असे सहसा थेट सांगत नाही. तो कोणाशी बोलतो, कोणाला आपल्यात घेतो, कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवतो, यातून त्याची ओळख उभी राहते. वाचकाला तो कुठे उभा करतो हे दाखवता आले, की विश्लेषण झाले. ते कसे करायचे, हे पुढे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या लेखकांच्या आधाराने पाहू. या भागाने वैचारिक निबंधापासून दलित आत्मकथनापर्यंत जवळजवळ प्रत्येक प्रकार दिला आहे, त्यामुळे तुलनेसाठी दूर जावे लागत नाही.

पहिली पायरी : मजकूर निवडा आणि त्याचा प्रकार ठरवा

प्रकार ठरल्याशिवाय ‘मी’ कोणता हे ठरत नाही. तुमच्यापुढे साधारण असे पर्याय आहेत :

- वैचारिक निबंध. गोपाळ गणेश आगरकर (1856–1895), जन्म कराडजवळच्या टेंभूचा. 1888 साली त्यांनी ‘सुधारक’ सुरू केला. इथला ‘आम्ही’ संपादकाचा असतो आणि वाद घालतो.
- लघुनिबंध. वि. स. खांडेकर (1898–1976), जन्म सांगलीचा. ‘वायुलहरी’ (1936) हा त्यांचा संग्रह. इथला ‘मी’ मित्रासारखा गप्पा मारतो, साध्या प्रसंगावरून सुरुवात करून भटकत जातो.
- व्यक्तिचित्र. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ (1949). ‘मी’ मागे सरकतो आणि माणूस पुढे येतो.
- आत्मपर लेखन. यशवंतराव चव्हाणांचे ‘ऋणानुबंध’ (1975) आणि ‘कृष्णाकाठ’ (1984). सत्तेच्या जागी पोहोचलेला माणूस आपले मूळ सांगतो.
- आत्मकथन. आटपाडीच्या शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ (1981), फलटण तालुक्यातल्या लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (1980). काटेकोरपणे पाहता हे निबंध नव्हेत. प्रश्न ‘निबंध’ म्हणत असेल तर ते तुलनेपुरते घ्या.
- लोकसंस्कृतीपर लेख. सांगलीच्या तारा भवाळकर. 2025च्या दिल्ली साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. ओव्या आणि लोककथा इथे पुरावा म्हणून येतात, म्हणून ‘मी’च्या मागे अनेक बायकांचा आवाज असतो.
- संपादकीय व प्रबोधनपर लेख. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर, 1998 ते 2013 या काळात ‘साधना’चे संपादक.

परीक्षेच्या उत्तरासाठी एकच निबंध घ्या. लघुप्रबंधासाठी एकाच प्रकारातले तीन-चार निबंध, किंवा एकाच विषयावरचे दोन प्रकारांतले लेखन घ्या. ‘अमुक लेखकाचे समग्र निबंधवाङ्मय’ असा विषय पहिल्याच वेळी घेऊ नका. सारांशाखेरीज हाती काही राहत नाही.

दुसरी पायरी : गावाची नोंद तपासा

ओळखीवर लिहिताना गाव चुकले तर युक्तिवादच ढासळतो, आणि या भागात ते सहज चुकते. 1949 साली जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला. 1960 साली त्याचे नाव सांगली झाले. म्हणून देवराष्ट्रे (यशवंतराव चव्हाण) आणि वाटेगाव (अण्णाभाऊ साठे) ही गावे त्यांच्या जन्माच्या वेळी सातारा जिल्ह्यात होती, आज सांगलीत आहेत. आटपाडी आणि माडगुळे औंध संस्थानात होते. खांडेकर जन्मले ती सांगली पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होती.

‘सांगली जिल्ह्यातील लेखक’ असे सरसकट लिहिण्यापूर्वी तो लेखक स्वतःला कुठला म्हणवतो ते पाहा. माडगूळकरांनी जिल्ह्याचे नाव न घेता ‘माणदेश’ घेतला. हा दुष्काळी पट्टा सातारा, सांगली आणि सोलापूर अशा तीन जिल्ह्यांत पसरला आहे. यशवंतरावांनी नदी घेतली. एकाची ओळख पाण्याच्या अभावावर उभी, दुसऱ्याची पाण्याच्या काठावर. अशी निरीक्षणे शीर्षकातूनच हाती लागतात.

तिसरी पायरी : तीनदा वाचा

1. पहिल्यांदा पेन्सिल न घेता वाचा. शेवटी एका वाक्यात लिहा : वाचून झाल्यावर मला काय वाटले, आणि कुठे वाटले?
2. दुसऱ्यांदा फक्त सर्वनामे आणि क्रियापदांची रूपे अधोरेखित करा. मराठीत ‘मी’ न लिहिताही ‘गेलो’, ‘म्हणाले’ यांतून तो असतो, म्हणून क्रियापदे सोडू नका.
3. तिसऱ्यांदा पुढच्या यादीतल्या खुणा समासात नोंदवा.

दुसऱ्या वाचनाला कंटाळू नका. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. ही सोय मराठीत आयती आहे आणि निबंधकार ती पुरेपूर वापरतात. त्यात ‘आम्ही’ संपादकाचाही असू शकतो, जातीचा, गावाचा किंवा घराचाही. प्रत्येक वेळी समासात लिहा : हा ‘आम्ही’ कोणाचा? निबंधात तो जिथे बदलतो, तिथे तुमच्या उत्तराचा गाभा असतो.

हे मराठीपुरतेच नाही. अमेरिकेतले कृष्णवर्णीय निबंधकार जेम्स बाल्डविन यांच्या 1955च्या ‘नोट्स ऑफ अ नेटिव्ह सन’ या संग्रहात एक निबंध असा आहे, की त्यातला ‘आपण’ बहुतेक ठिकाणी गोऱ्या अमेरिकन माणसाच्या बाजूने बोलतो. लेखक स्वतः त्या ‘आपण’मध्ये मावत नाही, आणि वाचकाला नेमके तेच टोचते.

समासात नोंदवायच्या खुणा

- शीर्षक. आज्ञा आहे, प्रश्न आहे, नाव आहे की जागा? आगरकरांची काही शीर्षके शेजारी ठेवा : ‘आमचे काय होणार?’, ‘गुलामांचे राष्ट्र’, ‘महाराष्ट्रीयास अनावृत पत्र’, ‘स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत’. एकात वाचक चिंतेत सामील होतो, दुसऱ्यात त्याच्यावर आरोप होतो, तिसऱ्यात त्याला पत्र येते, चौथ्यात निकाल आधी आणि कारणे मागून.
- प्रश्नार्थक वाक्ये. उत्तर हवे म्हणून विचारली आहेत की गप्प करायला?
- विरोध. जुने-नवे, गाव-शहर, बाई-पुरुष अशी जोडी लावली आहे का? लेखक एका बाजूला उभा राहतो की मध्ये?
- उपरोध. कोणावर? स्वतःवर असेल तर त्यातून विश्वास कमावला जातो. दुसऱ्यावर असेल तर वाचकाला बाजू घ्यावी लागते.
- दाखला. शास्त्रातला, इतिहासातला, लोकगीतातला की घरातला? दाखल्यावरून कळते की लेखक कोणाचा शब्द प्रमाण मानतो.
- बोली. फक्त संवादात आहे की निवेदनातही? संवादात बोली आणि निवेदनात प्रमाण भाषा असेल, तर लेखक आणि पात्र यांच्यातले अंतर तिथेच दिसते.
- वाक्याची लांबी. कुठे लांबते, कुठे तुटते? माडगूळकरांचे आखूड, भाष्य न करणारे वाक्य आणि खांडेकरांचे कल्पनेने फुललेले, सुभाषिताकडे झुकणारे वाक्य एकाच दिवशी वाचा. फरक कानाला कळतो.
- शेवट. निष्कर्ष, प्रश्न, की बोलता बोलता थांबणे?

चौथी पायरी : खुणेपासून निष्कर्षापर्यंत

खुणा गोळा करणे सोपे. अडते ते पुढे. म्हणून प्रत्येक खुणेचे तीन भागांचे वाक्य करा : लेखक काय करतो, त्याने वाचकाचे काय होते, आणि त्यातून कोणती ओळख उभी राहते. सरावासाठी खालचा उतारा मुद्दाम तयार केला आहे.

> पाऊस लागला की आम्हा सांगलीकरांची सकाळ आयर्विन पुलाच्या फुटांनी होते. पूर्वी पाणी बघायला पुलावर जायचो, आता पाणीच मोबाइलवर येते. पुण्याहून मुलगा विचारतो, ‘किती झालं?’ मी आकडा सांगतो. तो म्हणतो, ‘मग ठीक आहे.’ त्याच्या आणि माझ्या ‘ठीक’मध्ये सहा फुटांचे अंतर आहे, हे मी त्याला सांगत नाही. आपण नदीकाठची माणसं. पाणी उतरलं की भिंतीवरची रेघ पुसतो आणि पुढच्या पावसाळ्यात तीच शोधतो.

कमजोर उत्तर : ‘या उताऱ्यात लेखकाने महापुराचे वर्णन केले आहे. आधुनिक काळात मोबाइलमुळे माहिती लवकर मिळते. वडील-मुलाच्या नात्याचे हृदयस्पर्शी चित्रण आहे. भाषा साधी व सोपी आहे.’

यात चूक काही नाही, पण हे कोणत्याही पुराच्या लेखाला लागू होईल.

सक्षम उत्तर : ‘उतारा “आम्हा सांगलीकरां”पासून सुरू होतो, मध्ये “मी”वर येतो आणि “आपण”वर संपतो. सुरुवातीचा “आम्ही” बाहेरच्या वाचकाला दूर ठेवतो. फूट म्हणजे काय हे त्याला कळणार नाही असे गृहीत आहे. “मी” येतो तो संवादात, आणि तिथे हा गावकरीही एकटा पडतो, कारण घरातलाच माणूस आता बाहेरचा झाला आहे. मोबाइलने पाणी जवळ आणले; आकडा दोघांपाशी आहे, भीती मात्र एकाचीच. शेवटच्या “आपण”मध्ये मुलालाही आणि वाचकालाही परत ओढून घेतले आहे. पण पुसलेली रेघ पुन्हा शोधण्याच्या विसंगतीमुळे हा “आपण” अभिमानाचा न राहता कबुलीचा होतो.’

दुसऱ्या उत्तरात एकाही अलंकाराचे नाव नाही. नाव घेतले असते तरी चालले असते, पण नावाने काम भागत नाही.

पाचवी पायरी : ‘आधुनिक जीवन’ नेमके कुठे आहे ते शोधा

यंत्र, मोबाइल, शहर म्हणजेच आधुनिकता असे धरू नका. आगरकरांच्या निबंधात आधुनिकता बाईच्या जाकिटात, सोवळ्यात आणि लग्नाच्या वयात आहे. रोजच्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीला देशाच्या प्रश्नाइतके वजन देणे, हीच तिथली युक्ती.

‘माणदेशी माणसं’मधल्या व्यक्तिचित्रांची नावे पाहा : ‘धर्मा रामोशी’, ‘शिदा चांभार’, ‘नामा मास्तर’, ‘रामा मैलकुली’, ‘झेल्या’. पहिल्या दोघांची ओळख जातीने, पुढच्या दोघांची नव्या काळाने दिलेल्या कामाने, आणि झेल्या या पोराची नुसत्या हाकेने. लेखकाने यावर व्याख्यान दिलेले नाही, पण बदलते गाव अनुक्रमणिकेतच दिसते. ‘तराळ-अंतराळ’ या शीर्षकातही गावकीचे वतनी काम आणि त्यापलीकडची मोकळी जागा एका जोडशब्दात आली आहे. ‘आधुनिक जीवन’ शोधताना हे विचारा : या मजकुरात माणसाला ओळख कोण देते? गाव, जात, नोकरी, शिक्षण, कुटुंब, की तो स्वतः?

प्रसंग विसरू नका

शब्द कोणत्या वेळी, कोणासमोर आले हे कळल्याशिवाय त्यांचे वजन कळत नाही. कराडला 1975 साली साहित्य संमेलन भरले तेव्हा आणीबाणी होती. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण. त्या व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. एरवी आजारी माणसासाठी प्रार्थना ही साधी गोष्ट. त्या मांडवात ती उघड भूमिका ठरली. पुढे त्यांना अटकही झाली. त्यांच्या ‘ऋतुचक्र’मधली (1956) निसर्गात रमलेली निवेदक आणि कराडची वक्ता एकच व्यक्ती आहे, पण दोन्हीकडचा ‘मी’ सारखा नाही. उत्तरात प्रसंगाला दोन-तीन वाक्ये द्या, त्याहून जास्त नकोत.

नेहमी होणाऱ्या चुका

- चरित्राला पुरावा करणे. ‘खांडेकर दत्तक गेले, गणेशचे विष्णू झाले, म्हणून त्यांच्या निबंधांत ओळखीचा प्रश्न आहे’ हे विश्लेषण नव्हे. तो प्रश्न निबंधाच्या वाक्यात दाखवता आला तरच चरित्र जोडा.
- ‘मी’ म्हणजे लेखकच असे धरणे. लघुनिबंधातला विसराळू, भोळा ‘मी’ बऱ्याचदा बेतलेला असतो. ‘निवेदक’ हा शब्द वापरा.
- बोलीला शोभेची वस्तू मानणे. ‘ग्रामीण भाषेमुळे गोडवा आला’ असे लिहू नका. ती कोण बोलतो आणि कोणासमोर, ते लिहा.
- कौतुकाची विशेषणे. ‘हृदयस्पर्शी’, ‘ओघवती’, ‘अप्रतिम’ खोडून पाहा. वाक्यात काही उरले नाही तर वाक्यच काढा.
- सगळ्या युक्त्यांची यादी. तीन खुणा नीट उलगडणे हे बारा खुणा मोजण्यापेक्षा बरे.
- वगळलेल्यांकडे दुर्लक्ष. ‘आपण मराठी माणसे’ म्हणणाऱ्या निबंधात बायका, भूमिहीन, भटके आहेत का? आगरकर आणि भवाळकर दोघेही स्त्रियांविषयी लिहितात; एकाच्या लेखनात त्या कोणत्या विभक्तीत येतात आणि दुसऱ्याच्या कोणत्या, हे पडताळले तरी एक टिपण तयार होते.

सिद्धांताचे म्हणाल, तर परीक्षेच्या उत्तराला ‘निवेदक’, ‘संबोधित वाचक’, ‘उपरोध’ आणि ‘प्रसंग’ एवढ्या संज्ञा पुरतात. लघुप्रबंधात एखादी सैद्धांतिक चौकट घ्यावी लागेल. ती मजकूर वाचून झाल्यावर निवडा.

पुस्तके, अवतरणे आणि तुमचे हक्क

1. विश्वासार्ह आवृत्ती घ्या. आगरकरांसाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे ‘आगरकर-वाङ्मय’चे खंड (संपादक म. गं. नातू, दि. य. देशपांडे) वापरा. निबंध या प्रकाराची पार्श्वभूमी वाईला सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात मिळते. 2019च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातील ग्रंथांचे मोठे नुकसान झाले. जुने पुस्तक हवे असेल तर जाण्याआधी विचारून घ्या.
2. उतारा द्यायला घाबरू नका. कॉपीराइट कायदा, 1957च्या कलम 52 नुसार समीक्षेसाठी आणि संशोधनासाठी वाजवी प्रमाणात उतारा घेता येतो. लेखक आणि कृतीचे नाव मात्र द्या. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतो. म्हणून आगरकरांचे निबंध मुक्त आहेत, खांडेकरांनी हयातीत प्रसिद्ध केलेले 2036 अखेरपर्यंत नाहीत. मुक्त निबंधाच्या नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा त्या संपादकाच्या असतात, हेही लक्षात ठेवा.
3. वाङ्मयचोरीचा नियम वाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांनुसार प्रबंधातले साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. 10 ते 40 टक्क्यांत सुधारून पुन्हा द्यावे लागते, 40 ते 60 टक्क्यांत एक वर्ष थांबावे लागते आणि 60 टक्क्यांवर नोंदणी रद्द होते. नीट निर्देश केलेली अवतरणे यात धरली जात नाहीत. गाइडमधला परिच्छेद शब्द बदलून वापरला तर आकडा कदाचित वाचेल, तोंडी परीक्षेत मात्र उघडे पडाल.
4. उत्तरपत्रिका मागा. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली माहिती अधिकाराखाली मान्य केला आहे. आधी विद्यापीठाची छायाप्रतीची सोय मुदतीत वापरा. नाही जमले तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. उत्तर साधारण 30 दिवसांत मिळायला हवे. आपले वाक्य परीक्षकाने कुठे खोडले हे पाहिल्यावर पुढचे उत्तर सुधारते.

लेखन देण्याआधी एकदा तपासा

- पहिल्याच परिच्छेदात तुमचे म्हणणे एका वाक्यात आले आहे का?
- प्रत्येक परिच्छेदात निबंधातला निदान एक शब्द किंवा वाक्य अवतरणात आहे का?
- ‘आम्ही’, ‘आपण’, ‘मी’ कुठे बदलले ते दाखवले आहे का?
- निबंधाचे नाव बदलून दुसरे टाकले तरी तुमचा परिच्छेद तसाच चालतो का? चालत असेल तर तो पुन्हा लिहा.
- लेखकाच्या मांडणीत जिथे तुम्हाला जागा मिळाली नाही, म्हणजे तुमची भाषा, गाव, जात किंवा लिंग त्याच्या ‘आपण’मध्ये बसले नाही, ते लिहिले आहे का? पुराव्यानिशी मांडलेली अशी असहमती उत्तरात चालते. गुण जाण्याच्या भीतीने ती गाळू नका.